भुरीवरच्या गंधकाचं पुढे काय होतं?

हवा थंड, ढगाळ झाली की निफाडचा द्राक्षबागायतदार आधी भुरीला घाबरतो. पानांवर, घडांवर पांढरी बुरशी चढते. तिच्यावरचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे गंधक. कुणी पाण्यात मिसळून फवारतो, कुणी भुकटीची धुरळणी करतो. भुरी आटोक्यात आली की बागेपुरतं त्याचं काम संपतं. गंधक मात्र संपत नाही.

मातीत पडलेली पिवळी भुकटी पाण्यात विरघळत नाही. पण मातीतले काही जिवाणू तिचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर जगतात. तयार होतं ते सल्फेट, सहज विरघळणारं. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि काळ्या मातीच्या कणांवरही बहुतांशी तोच, त्यामुळे माती त्याला फारसं धरून ठेवत नाही. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांत संशोधकांनी या वाटेचा माग काढला आहे: उन्हाळ्यात मारलेला गंधक सल्फेट होऊन हिवाळी पावसाबरोबर ओढ्यांकडे निघतो.

निफाड तालुक्यात उताराचं पाणी शेवटी गोदावरी आणि कादवा गाठतं. दोघींच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरला शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटं उठली, पाणवनस्पती माजल्या आणि माणसाने पाटपाण्यासाठी अडवलेल्या पाण्याची दलदल झाली. १९८६ साली ती अभयारण्य झाली. जानेवारी २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत तिचं नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोक इथे पक्षी पाहायला येतात. पण गंधकाचा खरा चमत्कार असतो तो अशा पाणथळीच्या गाळात.

थंड प्रदेशांत अशा जागी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर साचतो, आपल्याकडे साचतो तो बेसाल्टचा गाळ आणि त्यात कुजणारा पालापाचोळा. तत्त्व एकच. वरच्या पातळ थरातले जीव ऑक्सिजन संपवून टाकतात, त्याखाली तो पोचतच नाही. तिथले जिवाणू आपण ऑक्सिजन वापरतो तसं सल्फेट वापरतात. कुजलेल्या पानातले इलेक्ट्रॉन ते सल्फेटला देतात, गंधकाच्या एका अणूमागे तब्बल आठ! त्यातून सल्फाइड तयार होतं. त्याचाच वायू म्हणजे सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड. अशा जिवाणूंचा पहिला प्रकार नेदरलँड्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८९५ साली वेगळा केला. पण ही श्वसनाची रीत साडेतीन अब्ज वर्षांच्या घरातल्या खडकांतही खुणा ठेवून आहे. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो त्यानंतर अब्जभर वर्षांनी.

वास फार वेळ मोकळा राहत नाही. बेसाल्टच्या गाळात लोह भरपूर असतं. ते सल्फाइडला पकडतं आणि काळंकुट्ट लोह सल्फाइड बनतं. चिखलाच्या काळेपणात त्याचा मोठा वाटा असतो. काळ लोटला की त्यातूनच पायराइटचे सूक्ष्म, सोनेरी स्फटिक घडू शकतात. पिवळा गंधक असा वेश पालटत काळा होतो आणि पुन्हा पिवळी झाकही मिरवतो.

याचे परिणाम गाळापुरते राहत नाहीत. सल्फेट भरपूर असलं की हे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या तोंडचा घास पळवतात आणि दलदलीतून मिथेन कमी सुटतो. हा फायदा. पण अमेरिकेतल्या एव्हरग्लेड्स दलदलीत उसाच्या शेतांकडून आलेल्या सल्फेटने दुसरी बाजूही दाखवली: पारा हजर असेल तर हेच जिवाणू त्याचा विषारी मिथाइल पारा बनवतात, आणि तो माशांत साठत जातो.

आणि हे सगळं उलटंही फिरतं. पाणी उतरून चिखल उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. काळं लोह सल्फाइड तपकिरी गंजात बदलतं, गंधक पुन्हा सल्फेट होतो आणि सोबत आम्ल तयार होतं. केरळच्या कुट्टनाडमध्ये काही भातजमिनी याच आम्लामुळे नापीक होतात. निफाडच्या काळ्या मातीतली चुनखडी मात्र आम्ल शोषू शकते. पाणी चढलं की फेरा पुन्हा सुरू.

म्हणजे बंधाऱ्याची दारं कधी उघडायची, पाटपाण्याचं आवर्तन कधी सोडायचं, हा निर्णय वरवर पिकांपुरता दिसतो. पण त्याने पाण्याची पातळी वरखाली होते, आणि गाळातल्या असंख्य जिवाणूंना मिळणारा ऑक्सिजन आणि त्यांच्या रसायनाची दिशाही त्यानेच ठरते.