मथळ्यातलं वर्ष कोरं का येतं?

नवा प्राप्तिकर कायदा लागू होण्याची तारीख 1 एप्रिल 2026. ‘असेसमेंट इयर’च्या जागी ‘कर वर्ष’, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. त्यासोबत हिशेब विभागांतल्या रिपोर्टांचे मथळेही बदलावे लागतात, आणि तिथे एक जुनं दुखणं डोकं वर काढतं: खाली आकडे बरोबर, वर ‘कर वर्ष’ या शब्दांपुढे मोकळी जागा.

पहिला संशय व्हेरिएबलच्या स्पेलिंगवर जातो. दोष बहुधा क्रमात असतो. मथळा आधी भरला जातो, व्हॅल्यू मागून येते. जॅस्पररिपोर्ट्समध्ये टेक्स्ट फील्डचा ‘इव्हॅल्युएशन टाइम’ मुळात ‘नाऊ’ असतो. तो ‘रिपोर्ट’ केला की सगळ्या नोंदी वाचून झाल्यावर ती जागा भरते. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये व्हॅल्यू सबरिपोर्टमधून येत असेल, तर सबरिपोर्ट वरच्या सेक्शनमध्ये आणि व्हेरिएबल त्याखालच्या सेक्शनमध्ये ठेवावं लागतं.

हा क्रम खरा समजतो तो ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये. साधन जुनं, पण काहीच झाकून ठेवत नाही. तिथली मथळ्याची कमांड ‘टीटाइटल’ क्वेरीतला कॉलम थेट वाचू शकत नाही. कॉलमला ‘न्यू व्हॅल्यू’ लावून ती व्हेरिएबलमध्ये साठवायची आणि मथळ्यात व्हेरिएबलचं नाव अँपरसँडशिवाय लिहायचं. अँपरसँड लावलात तर क्वेरी चालण्याआधीच, कमांड वाचतानाच, व्हॅल्यू बसते. आधीच्या रिपोर्टची शिल्लक असेल तर तीच छापली जाते. खात्यागणिक मथळा बदलायचा असेल तर त्या कॉलमवर ‘ब्रेक’ आणि ‘स्किप पेज’ हवंच, शिवाय क्वेरीतही त्याच क्रमाने ‘ऑर्डर बाय’. पानाच्या तळच्या मथळ्यात मात्र ‘ओल्ड व्हॅल्यू’ लागते, कारण पान संपेपर्यंत पुढच्या खात्याची पहिली ओळ वाचून झालेली असते. इतकी नेमकी सोय करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. क्वेरीतून एकही ओळ आली नाही, तर मात्र व्हेरिएबलला नवं काही मिळतच नाही.

क्रम ठीक असूनही अख्खी ओळ गायब असेल, तर नल तपासा. पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांनी मजकूर जोडताना एक तुकडा नल निघाला की सगळं वाक्यच नल होतं. प्रत्येक तुकड्याला ‘कोअलेस’ लावला की निदान कुठला तुकडा रिकामा आहे ते दिसतं.

मार्चअखेरच्या घाईत यावर एक उपाय सर्रास होतो: वर्ष हाताने टाइप करून टाकायचं. या बदलाच्या काळात तो कोऱ्या मथळ्यापेक्षा वाईट आहे. असेसमेंट इयर 2026-27 म्हणजे मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षाचं उत्पन्न. कर वर्ष 2026-27 म्हणजे त्यापुढच्या बारा महिन्यांचं. आकडे तेच, उत्पन्न वेगळं, आणि बदलानंतरचे काही महिने दोन्ही रिपोर्ट एकाच टेबलावर असतात. म्हणून वर्षासोबत त्याचा प्रकार आणि कालावधीच्या दोन्ही तारखाही डेटाबेसमधूनच मथळ्यात यायला हव्यात.