महाराजांचे वाचक, मराठ्यांचे रियासतकार

जगाचा इतिहास एकदा मुळापासून वाचून काढायचा, असा संकल्प आपल्यापैकी पुष्कळांनी केव्हा ना केव्हा केलेला असतो. जाडजूड खंड घरात येतात, पहिल्या चाळीस पानांत खुणेची चिठ्ठी अडकते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती तिथेच सापडते!

गोविंद सखाराम सरदेसाई यांना संकल्प करावाच लागला नाही. जगाचा इतिहास त्यांच्या गळ्यात पडला तो नोकरी म्हणून. रत्नागिरी जिल्ह्यातील हा तरुण पदवीधर १८८९ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांचा वाचक झाला. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे आणि राजपुत्रांना शिकवायचे, हे त्यांचे काम. महाराजांची ज्ञानाची भूक मोठी. त्यातून मॅकिआव्हेलीच्या ग्रंथाचे मराठी रूप 'राजधर्म' १८९० साली आले, तर सीलीच्या पुस्तकाचे 'इंग्लंड देशाचा विस्तार' १८९३ साली. पुढे महाराजांबरोबर युरोपही पाहून झाला.

पण राजपुत्रांना आपल्या देशाचा इतिहास शिकवायचा तर मराठीत सलग, भरघोस ग्रंथ होता कुठे? मराठ्यांच्या इतिहासासाठीदेखील १८२६ सालच्या ग्रँट डफकडेच जावे लागे. सरदेसायांनी मग वाचता वाचता टिपणे काढली, आणि त्या टिपणांतूनच १८९८ साली 'मुसलमानी रियासत' उभी राहिली. १९०२ पासून 'मराठी रियासत' निघू लागली आणि लोक त्यांना रियासतकार म्हणू लागले.

योगायोग असा, की त्याच १८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. राजवाड्यांचे म्हणणे, अस्सल कागद हाती येण्याआधी इतिहास लिहिण्याची घाई कशाला? गावोगाव पायपीट करून त्यांनी या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. सरदेसायांची रीत निराळी. आज जे उपलब्ध आहे त्यावरून लिहावे, उद्या नवे सापडले की दुरुस्त करावे. दोघांचेही खरे होते. कागदांवाचून इतिहास पोकळ राहतो. आणि कागद संपण्याची वाट पाहत बसले, तर घरातल्या मुलांच्या हाती काहीच पडत नाही.

दुरुस्तीची संधी सरदेसायांना पुण्यानेच दिली. १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते पुणे जिल्ह्यात कामशेतला राहिले. पुण्यातले पेशवे दप्तर तोवर अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. सर जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे ते उघडले आणि निवडीचे काम सरदेसायांकडे आले. हजारो रुमाल उलगडून त्यांनी १९३४ पर्यंत पंचेचाळीस खंड छापून काढले. सरकार फारसीत निष्णात, सरदेसाई मोडीत; एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे, असा हा दीर्घ स्नेह. पुढे नव्या कागदांच्या आधारे सरदेसायांनी मराठ्यांचा सगळा इतिहास इंग्रजीत पुन्हा लिहिला. त्याचे तीन खंड १९४६ ते १९४८ या काळात निघाले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती!

ते १९५९ साली वारले. वाचणारे पुष्कळ असतात. पण सरदेसायांना वाचलेले रोज कोणाला तरी सांगायचे असे, म्हणून त्यांना ते समजून घ्यावे लागे, टिपून ठेवावे लागे. आपल्या घरी महाराज नसतील, पण राजपुत्र आणि राजकन्या आहेतच. रात्रीच्या जेवणानंतर त्यांना दहा पाने वाचून दाखवावीत आणि जवळ एक वही ठेवावी. चिठ्ठी चाळिसाव्या पानाच्या पुढे नक्की सरकेल.