बेणेमळा गाळपाला देऊ नका : तरुणांसाठी कायम निधी

सभासद बंधू-भगिनींनो,

दहा महिन्यांचा बेणेमळा कितीही भरात आला आणि घरात पैशाची कितीही नड असली, तरी शहाणा शेतकरी तो गाळपाला देत नाही. पुढची लागण त्यावरच अवलंबून असते. सार्वजनिक कामाच्या पैशात मात्र आपण नेमके उलटे करतो. वर्गणी गोळा करतो, ती सगळी त्याच वर्षी खर्चून टाकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो.

मध्यंतरी आम्ही काही सभासदांना घेऊन पालघर जिल्ह्यातील कोसबाडचे कृषि विज्ञान केंद्र बघायला गेलो होतो. परतताना बोईसरला थांबलो. एका अंगाला १९६९ साली सुरू झालेला तारापूरचा अणुवीज प्रकल्प, दुसऱ्या अंगाला औषधे, रसायने, पोलाद, कापड यांचे कारखाने. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "साहेब, इथं एवढ्या कंपन्या आहेत. मग इथल्या पोरांच्या शिक्षणाची काळजीच मिटली म्हणायची!"

काळजी मिटत नाही, कारण तो पैसा वर्षाचा असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यातून प्रशिक्षणवर्ग चालतात, शाळांना मदत होते. पण नफा घटला की ही रक्कमही घटते, आणि लहान कारखान्यांना हा नियम लागूच नाही. शिवाय जानेवारी २०२१ पासून हा पैसा दुसऱ्या संस्थेच्या कायम निधीत घालता येत नाही. म्हणजे बोईसर असो की आपले गाव, कायम निधी उभा करायचा तर तो मुख्यतः लोकांनीच.

आपल्याकडचेच बघा. तरुणांसाठी ठिबक दुरुस्तीचा वर्ग आम्हीच सुरू केला, एक वर्ष छान चालला आणि वर्गणी संपताच बंद पडला. नावे नोंदवून बसलेली पोरे परत गेली. चूक आमची. सगळे बेणे आम्ही गाळपाला घातले होते.

कायम निधीचा हिशेब सोपा आहे. समजा, हजार सभासदांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले, तर मुद्दल १० लाख. सात टक्के व्याजाने वर्षाला ७० हजार. त्यातले ५० हजार वर्गावर खर्चायचे, २० हजार मुद्दलात मिळवायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. मात्र महागाई त्याहून जास्त वाढते, म्हणून दर हंगामात थोडी नवी भर हवीच.

ही युक्ती नवी नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी असा निधी ठेवला. मदत कर्जाऊ द्यायची, परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्तीवरच. देणारा गेला, पण निधी आजही चालू आहे.

तीन गोष्टींची खबरदारी मात्र घ्यावी लागेल :

१. निधीसाठी स्वतंत्र सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा. दरवर्षी हिशेब तपासून सभासदांपुढे ठेवावा.

२. पैसा कायद्याने मान्य ठिकाणीच, म्हणजे शेड्यूल्ड बँक, पोस्ट किंवा सरकारी रोखे यांत ठेवावा. जादा व्याजाच्या मोहात पडू नये. कोणाला उसनवार तर मुळीच देऊ नये.

३. देणगी देताना "कायम निधीसाठी" असे लेखी द्यावे. तसे नसेल तर ती चालू खर्चात जाऊ शकते.

सक्ती कोणावर नाही. पण येत्या वार्षिक सभेला येण्यापूर्वी घरच्या पोरासोरांशी यावर बोला, शंका असतील त्या आमच्या गट कार्यालयात विचारा. बेणे आज राखले, तर पुढच्या वर्षी दारात आलेल्या पोराला आम्हांला परत पाठवावे लागणार नाही.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी