रसग्रहणाचे गुण कशाला द्यायचे?

मराठीचे पेपर तपासताना सर्वांत अवघड प्रश्न कोणता, असे शिक्षकांना विचारले तर बहुतेक जण रसग्रहणाचेच नाव घेतील. व्याकरणाचे उत्तर चूक की बरोबर हे चटकन ठरते. समानार्थी शब्द आला तर आला, नाही तर नाही. कवितेच्या रसग्रहणाचे तसे नाही. एका गुरुजींना जे उत्तर आवडते, ते दुसऱ्यांना आवडत नाही. मग गुण द्यायचे ते कशाला? आज याचाच थोडा विचार करू. तो केवळ शिक्षकांनी करावा असा नाही. ज्यांची मुले दहावीत आहेत त्या खेड्यापाड्यांतल्या आईबापांनीही करावा, कारण त्यात आपल्या घरच्या बोलीचा प्रश्न गुंतलेला आहे.

रसग्रहण हा शब्द भारदस्त आहे, पण गोष्ट घरचीच आहे. कीर्तनात बुवा अभंगातला एक शब्द घेऊन बसतात, तोच शब्द का, दुसरा का नाही, हे उलगडून दाखवतात, आणि बसलेल्या मंडळींच्या माना डोलतात. ते रसग्रहणच. जात्यावर एकीने ओवी म्हटली आणि दुसरी म्हणाली, "बाई, काय नेमकं बोललीस!", तर तेही रसग्रहणच. आता तिने यापुढे एवढेच सांगायचे, की नेमके म्हणजे काय. शाळेतल्या मुलाकडून आपण हेच मागतो.

गुण देण्यातला घोळ जुना आहे आणि तो आपल्याकडेच आहे असेही नाही. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन अभ्यासकांनी हायस्कूलच्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका छापून अनेक शाळांना पाठवल्या. एकशे चाळीसच्या वर शिक्षकांनी त्या तपासल्या. एकाच पेपरला कोणी शंभरापैकी ६४ गुण दिले, तर कोणी ९८! कोणी म्हणेल, भाषेचा विषयच तसा, आवडीनिवडीचा. पण त्याच दोघांनी पुढे भूमितीचा पेपर असाच तपासून घेतला, तेव्हा तफावत आणखी मोठी निघाली. म्हणजे दोष साहित्याचा नव्हे. कशाला गुण द्यायचे हे अगोदर ठरलेले नसते, हे खरे दुखणे आहे.

ठरवायचे ते कसे? इथे केंब्रिजचे प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांचा अनुभव उपयोगी पडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या, लेखी अभिप्राय मागवले आणि १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिले. विद्यार्थी चांगले शिकलेले होते. तरी पुष्कळांना कवितेचा साधा, सरळ अर्थच नीट लागला नव्हता. काहींनी समोरची कविता बाजूला ठेवून, मनात अगोदरच तयार असलेल्या भावना तिच्यावर चिकटवल्या होत्या. आपल्या उत्तरपत्रिकांतही नेमके हेच दोन रोग दिसतात.

आपल्याकडे मुले आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा मुद्द्यांना धरून रसग्रहण लिहितात. मुद्दे चांगले आहेत. खुंट्या भिंतीला असाव्यातच. पण त्यांवर टांगायचे कपडे ज्याचे त्याचे हवेत. प्रत्यक्षात पुष्कळदा गाईडातले तयार कपडे टांगलेले असतात.

उदाहरण घेऊ. बहिणाबाई चौधरींची संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देणारी कविता सर्वांच्या परिचयाची आहे. समजा, तिच्यावर दोन उत्तरे आली. पहिले असे: "या कवितेतून कवयित्रीने मोलाचा संदेश दिला आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. उपमा अलंकारामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे. कविता गेय असून मनाला भिडते." अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

दुसरे असे: "भाकर करताना तव्याची धग हाताला लागतीच. आजी म्हणती, हात पोळल्याबिगर हात बसत न्हाई. कवितेतली बाई रडगाणं गात न्हाई. ती सांगती आधी पोळणार, मग भाकर भेटणार. तवा रोजचाच आहे म्हणून संसार पन रोजचाच वाटतो."

घाईत तपासणारा पहिल्याला चारपैकी तीन देईल आणि दुसऱ्याला दीड. आता एक साधी कसोटी लावून पाहा. उत्तरातले वाक्य उचलून दुसऱ्या एखाद्या कवितेखाली ठेवा. ते तिथेही बसत असेल, तर ते या कवितेचे रसग्रहण नव्हे. पहिल्या उत्तरातली जवळजवळ सगळी वाक्ये कुठेही बसतात. दुसऱ्यातले एकही बसत नाही. तवाच का, याचे उत्तर त्या मुलीने दिले आहे. सूर रडका नाही, हेही तिने ओळखले आहे. अलंकाराचे नाव तिने लिहिले नाही, पण अलंकाराचे काम सांगितले आहे.

प्रश्न चार गुणांचा असेल तर विभागणी अशी करता येईल. साधा अर्थ लागला, त्याला एक. कवितेतल्या एखाद्या शब्दावर किंवा प्रतिमेवर बोट ठेवले, त्याला एक. तो शब्द तिथे काय काम करतो हे सांगितले, त्याला एक. आणि मांडणीला एक. शुद्धलेखनाचा हिशेब या मांडणीच्या गुणातच व्हावा. समजुतीच्या तीन गुणांना त्याने हात लावू नये. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, ती शिकवायलाच शाळा आहे. पण 'न्हाई' लिहिले म्हणून कविता कळली नाही, असे होत नाही.

स्वतः बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्याच कवितेवर त्यांच्याच वळणाच्या बोलीत लिहिणाऱ्या मुलीचे गुण आपण कापावेत, याला काय म्हणावे?

तपासण्याच्या कामातही काही पथ्ये पाळता येतात. गठ्ठा हाती आला की आधी आठ-दहा उत्तरे गुण न देता नुसती वाचावीत. मग सगळ्या मुलांचा हा एकच प्रश्न ओळीने तपासावा. शाळेच्या परीक्षेत नावाचे पान दुमडून ठेवावे. हुशार म्हणून गाजलेल्या मुलाला आपला हात नकळत सैल सुटतो. दोन शिक्षकांनी पाच-दहा पेपर अदलाबदल करून पाहावेत आणि दोन गुणांचा फरक पडला तर बसून बोलावे. आणि समासात नुसते 'ठीक' न लिहिता एखादा प्रश्न लिहावा: 'हा शब्द तुला का आवडला?' त्या एका प्रश्नाने मूल पुन्हा कवितेकडे वळते.

आईबापांनाही एक विनंती. मूल कविता पाठ करत असेल, तर तिचा अर्थ त्याला आपल्या बोलीत सांगायला लावा. तुम्हाला लिहितावाचता येत नसले तरी चालेल. ओवी आणि अभंग ऐकून तयार झालेला तुमचा कान त्याला पुष्कळ शिकवील. संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याच्या रसिकाला 'सहृदय' म्हटले आहे. त्यासाठी पदवीची अट घातलेली नाही. गाईडाची वाक्ये पाठ करून मुलाला परीक्षेपुरते गुण मिळतीलही. पण आपल्याला जे वाटले ते बोलायला किंमत आहे, हे त्याला एकदा कळले, तर ते परीक्षेनंतरही कविता वाचील.