उद्घाटनाची सायंकाळ

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला गर्दी होते. मात्र तिची पाठ बहुधा चित्रांकडेच असते. दीपप्रज्वलन, भाषण, चहा आणि ओळखीपाळखी यांत वेळ सरतो. चौकटीलगत लाल टिकली दिसली, की चित्र विकले गेले एवढे कळते. चित्रे निवांत पाहावयाची, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे हेच बरे.

तरीही ही सायंकाळ चुकवू नये. त्या दिवशी कलावंत स्वतः हजर असतात, आणि एकत्र आलेले कलावंत एकत्र राहतीलच असे नाही. दिल्लीच्या रवींद्र भवनात ऑक्टोबर १९६३ मध्ये ‘ग्रुप १८९०’ या १२ जणांच्या गटाचे प्रदर्शन भरले. (१८९० हे साल नव्हे, भावनगरच्या ज्या घरी गट स्थापन झाला, त्या घराचा तो क्रमांक.) गटात जगदीश स्वामीनाथन, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख होते, तसेच मूळचे अकोल्याचे अंबादासही. उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी केले. प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकोचे तत्कालीन राजदूत, कवी ओक्ताव्हिओ पाझ यांनी लिहिली. एवढ्या थाटात आरंभ झालेल्या या गटाने दुसरे प्रदर्शन भरवलेच नाही.