दारात उभा राहिलेला विचार

षड्रिपूंची नावे आपल्याकडे मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच पाठ होतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मनाच्या शत्रूंची अशीच एक यादी सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात तयार झाली आणि तीत सहा नव्हे, आठ नावे होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मग कुतूहलाने त्या ख्रिस्ती वैराग्यांविषयी मिळेल ते वाचत गेले. त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण ती माणसे अरण्यात राहत असली, तरी बोलत होती ती तुमच्या-आमच्या घरातल्या गोष्टी.

यादी करणाऱ्याचे नाव इव्हाग्रियस. काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रांतातला हा बुद्धिमान तरुण कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये मानाच्या पदावर होता. तिथे एका प्रतिष्ठित, विवाहित स्त्रीवर त्याचे मन जडले. प्रकरण हाताबाहेर जाण्यापूर्वी तो राजधानी सोडून जेरुसलेमला निघून गेला आणि तिथून ३८३ च्या सुमारास इजिप्तमध्ये आला. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेकडील वाळवंटात, ३९९ साली मृत्यू येईपर्यंत, त्याने सुमारे सोळा वर्षे काढली. शहर मागे राहिले, ती स्त्री मागे राहिली. मन मात्र बरोबर आले. ते कसे चालते हेच मग त्याने अभ्यासाला घेतले.

या वैराग्यांचा आधार होता येशूची शिकवण. डोंगरावरील प्रवचनात येशूने, ज्यांचे अंतःकरण शुद्ध त्यांना देवाचे दर्शन घडते, असे सांगितले. शिष्य हात न धुता जेवतात अशी तक्रार आली, तेव्हाही त्याचे उत्तर हेच होते, की विटाळ पोटात जाणाऱ्या अन्नाने होत नाही, तो अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट विचारांनी होतो. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीला या उत्तराची धार वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इव्हाग्रियसचे आठ विचार असे : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, मानाची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या यादीत फेरफार केला; आपल्या ओळखीचा मत्सर तीत आला आणि ‘सात प्रमुख पापे’ रूढ होत गेली. मला स्वतःला जुनी यादीच अधिक आवडते, कारण तीत कंटाळ्याला मानाचे स्थान आहे. त्याचे वर्णन तर पाहा. भर दुपारी वैरागी खोलीतून पुनःपुन्हा सूर्याकडे बघतो. दिवस पन्नास तासांचा झालासा वाटतो. कोणी भेटायला येते का म्हणून तो बाहेर डोकावतो. ही जागा वाईट, सोबतीही वाईट, दुसरीकडे गेलो तर सारे ठीक होईल, असे त्याला वाटू लागते. कचेरीतल्या घड्याळाकडे साडेतीन वाजता पाहणाऱ्यांना हा वैरागी परका वाटू नये!

आणि मानाची हाव? ती इतर शत्रू हरल्यावर येते. आपली कीर्ती पसरली आहे, लोक दाराशी रांग लावून उभे आहेत, असे चित्र एकांतातल्या तपस्व्याला दिसू लागते. म्हणजे विजय मिळाला, की त्याचाच मोह!

पण या साऱ्या शिकवणीचे मर्म एका साध्या भेदात आहे. हे विचार मनात यावेत की येऊ नयेत, हे आपल्या हाती नाही, असे इव्हाग्रियस म्हणतो. ते तिथे मुक्कामाला राहावेत की नाही, हे आपल्या हाती आहे. पोइमेन नावाच्या वृद्ध वैराग्याकडे एकजण हीच व्यथा घेऊन गेला. वृद्धाने त्याला बाहेर नेऊन अंगरखा पसरून वारा धरायला सांगितले. ते जमणार कसे? मग विचारांचे येणेही तुला थांबवता येणार नाही, त्यांना विरोध करणे एवढेच तुझे काम, असे पोइमेनने समजावले.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो, तो आमच्या शेजारच्या बाईंमुळे. त्यांच्या सासूबाई चार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. न्हाऊ घालणे, भरवणे, रात्रीचे उठणे, सारे बाईच करीत. एक दिवस त्या मला हळूच म्हणाल्या, “ताई, कधी कधी मनात येतं, सुटू देत एकदाच्या. मी इतकी वाईट आहे का हो?” मी त्यांना पोइमेनची गोष्ट सांगितली. विचार दारात आला; तुम्ही त्याला आत घेतले नाही, उठून सासूबाईंची कूस बदललीत. बाई रडल्या, पण मोकळ्या झाल्या. आलेल्या विचारालाच पाप मानून किती सज्जन माणसे मनातल्या मनात जळत असतील!

विरोध करायचा तो कसा? येशूने वाळवंटात चाळीस दिवस उपवास केला, तेव्हा तीन मोह पुढे आले आणि तिन्हींना त्याने धर्मशास्त्रातील वचनांनी उत्तर दिले. त्यावरून इव्हाग्रियसने एक आठ भागांचे पुस्तकच रचले : कोणता विचार आला असता कोणते वचन म्हणावे. त्याच परंपरेतला जॉन कॅशियन पाणचक्कीचा दाखला देतो. पाणी वाहते तोवर चक्की फिरणारच. गहू घालायचा की कुसळे, हे दळणाऱ्याने ठरवायचे.

या कॅशियनने ४१५ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे मठ स्थापले. अंतःकरणाची शुद्धी हेच वैराग्याचे लक्ष्य, उपवास-जागरणे ही नुसती अवजारे, असे तो बजावतो. अफाट संपत्तीवर पाणी सोडून आलेली माणसे पुढे एका चाकूसाठी, सुईसाठी, लेखणीसाठी संतापतात, हे त्याने पाहिले होते. उपवास घडला आणि जिभेवर राग आला, तर मिळवले काय? शुद्धीची खूण त्याच्या मते एकच : प्रेम.

म्हणूनच या वाळवंटातली मोझेसची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. हा पूर्वाश्रमीचा दरोडेखोर. एका बंधूच्या अपराधाचा न्याय करायला सर्वांनी त्याला बोलावले, तेव्हा तो भोके पडलेली टोपली वाळूने भरून पाठीवर घेऊन आला. वाळू मागे सांडत होती. माझी पापे अशीच मागे गळताहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला निघालो आहे, असे तो म्हणाला. बंधूला क्षमा झाली.

स्वतःच्या मनाशी इतकी झुंज दिलेला माणूस दुसऱ्याशी कठोर होऊच शकत नाही. शुद्ध मन म्हणजे डाग नसलेले मन, असे मी समजत होते. या वैराग्यांच्या संगतीत ते मऊ मन असते, असे वाटू लागले आहे.