गुरुवारचे दोन तास

रोवणीचे दिवस होते. बांधीत उभ्या असलेल्या ह्यांच्या हातातून पऱ्ह्याची पेंढी गळाली ती उचलताच येईना. तोंड वाकडं, बोलणं जड. 'वारं लागलं' म्हणत रात्रभर तेल चोळलं. कुणी तर कबुतराचं रक्त चोळा म्हणालं. मी अंगणवाडी सेविका, तरी चोळतच बसले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहूनच देतात, हे मला नंतर कळलं.

आमच्या शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतले मृत्यू तपासले. १५९९ पैकी २२९ जण लकव्याने गेलेले, म्हणजे सातांत एक. इतके लोक दुसऱ्या कुठल्याच कारणाने गेले नव्हते. त्यातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी घरीच प्राण सोडला. जे वाचतात तेही घरीच असतात, बाजेवर.

पहिले आठ दिवस अख्खं गाव येऊन गेलं. माझा वेळ चहा करण्यातच गेला. काही जण मायेनं खर्रा घेऊन यायचे, आणि डॉक्टरांनी तर तंबाखू बंद सांगितलेली! दिवाळीपर्यंत ओसरी रिकामी झाली. काम मात्र तेवढंच होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून ताठ बसवून चमच्याने घट्ट आंबील भरवायची. रक्तदाबाची गोळी तर बरं वाटलं तरी चुकवायची नाही. आलेले लोक, ह्यांना काही कळत नाही असं धरून माझ्याशीच बोलत. एकदा कुणी धानाचा भाव चुकीचा सांगितला, तर ह्यांनी डावा हात बाजेवर दाणकन आपटला.

वाट आशाताईने काढली. रोवणीत आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या बांधीत करता ना, मग इथे का नाही, असं तिने टोळीतल्या बायकांना विचारलं. तेव्हापासून दर गुरुवारी शेजारची काकू दोन तास बसते. न्हावी दाढी करायला घरी येतो. भाच्याने अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला.

पण खरा आधार दिला तो पलीकडच्या गावच्या काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याने. त्याची डावी बाजू गेलेली, ह्यांची उजवी. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी, हे त्याने स्वतःचा सदरा काढून-घालून दाखवलं. दवाखान्यातल्या कागदावरही ते होतं, पण ह्यांनी हसत ऐकलं ते त्याचंच.

पहिल्या गुरुवारी मी कुठे गेले, असं काकू विचारते. जावेच्या ओसरीत झोपले होते, गाढ.